भांडून मिळवलेली सुट्टी

मॅच कोर्टवर जिंकतात असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या काळात नागपुरात बास्केटबॉल खेळलेला नाही. अर्धी मॅच त्याच दिवशी ठरायची, ज्या दिवशी आयोजक क्लबच्या फळ्यावर स्पर्धेचा कार्यक्रम लागायचा. बाकीचे लोक कोण कोणाशी खेळणार ते बघायचे. मी बघायचो कोण कधी बसणार. आयोजक क्लबची स्वतःची टीम एक दिवस खेळायची आणि एक दिवस आराम करायची, पुन्हा एक दिवस खेळायची आणि पुन्हा आराम. आम्ही मात्र सलग रोज संध्याकाळी जुंपलेले. बाहेरगावच्या टीमचं तर विचारूच नका. रेल्वेच्या डब्यात उभ्यानं प्रवास करून आलेली पोरं त्याच संध्याकाळी कोर्टवर उभी करायचे आणि ती हरली की वर म्हणायचे, "दम नाही हो पोरांत."

विचारायला गेलं की उत्तर तयार असायचं. "लोकल टीम पाहाले पब्लिक येते ना भाऊ. तिले रोज रोज दाखवून कसं चालंन?" म्हणजे पब्लिकच्या सोयीनं त्यांचे पाय ताजे राहायचे आणि आमचे पाय जायचे. वा रे न्याय! मला आजही ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

ही गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे. आम्ही पगारी खेळाडू होतो. कागदावर कोणी कारकून, कोणी शिपाई, पण खात्यानं आम्हाला घेतलं होतं ते चेंडू रिंगमधे टाकण्यासाठी. काही जण पक्के झालेले, काही जण अजून कच्चे. कच्चे म्हणजे ज्यांची नोकरी काही महिन्यांच्या मुदतीवर असायची, मुदत संपली की साहेबांच्या सहीनं पुढे सरकायची. मी पक्का होतो. माझा जोडीदार कच्चा होता.

तो कुहीकडचा होता, म्हणून आम्ही त्याला कुहीवालाच म्हणायचो. घरी धानाची शेती, घरचे सगळे चारचौघांसारखे, हा एकटाच असा वाढला की बसमधे उभा राहिला की मान वाकडी करावी लागे. आमचा सेंटर. बोर्डावरून परत आलेला चेंडू दुसऱ्या कोणाच्या हाती लागणं कठीण. बोलायचा कमी, हसायचा फार. साहेबांसमोर "हो जी" आणि "नाही जी" एवढंच. दोन वर्षं तो मुदतीवर होता. त्याचं लग्न ठरलं होतं आणि मुलीकडचे दर भेटीत एकच विचारायचे, नोकरी पक्की झाली का. तो प्रत्येक वेळी सांगायचा, होऊन राहिली.

त्या वर्षी साहेबांनी सगळ्या टीमसमोर शब्द दिला. "ह्या वेळी ट्रॉफी आणा, याचं पक्कं करून टाकतो." कुहीवाल्याचे कान लाल झाले. बाहेर आल्यावर त्यानं माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता. "आता तं जिंकाच लागते गा," म्हणाला.

आता त्याच्या गुडघ्याचं सांगतो. उजवा गुडघा. दिवाळीच्या आधी सरावात एकदा वाकडा पडला आणि तेव्हापासून खेळला की सुजायचा. एक मॅच खेळला की रात्रीतून टरटरून यायचा, पण एक आख्खा दिवस पाय न टेकवता पडून राहिला, मिठाची पोटली शेकली, आंबेहळदीचा लेप लावला, की परत चेंडूसारखा उड्या मारायला तयार. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं. एक दिवस खेळ, एक दिवस झोप, नाहीतर हा पाय कायमचा जाईल. एक दिवस आड. बस, एवढंच त्या गुडघ्याचं मागणं होतं. आयोजक क्लबच्या टीमला ते फुकटात मिळत होतं, त्यांच्यातल्या एकाचीही हाडं दुखत नसताना.

लीगच्या मॅच आम्ही कशातरी काढल्या. शक्य तिथं त्याला हाफटाइमनंतर बसवून ठेवलं. पण सेमीफायनलला बसवणं शक्य नव्हतं आणि फळ्यावर लिहिलं होतं की सेमीफायनलच्या दुसऱ्याच संध्याकाळी फायनल. क्लबच्या टीमची सेमीफायनल अर्थातच आदल्या दिवशी. त्यांना मधे आराम, आम्हाला नाही.

मी तडक इतवारीत गेलो. क्लबच्या सेक्रेटरीचं तिथं कापडाचं दुकान होतं. गादीवर बसून तो गिऱ्हाईकाला लुगडी दाखवत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "फायनल एक दिवस पुढे घ्या."

"काहून?"

"आमचे पाय माणसाचे आहेत म्हणून."

तो हसला. "अरे बाप्पा, तुमी लोक तं पगार घेता खेळाचा. मग आराम कायले पायजे?"

माझं डोकंच फिरलं. मी गिऱ्हाईकांसमोर त्याला जे बोललो ते सगळं इथं लिहिता येणार नाही. शेवटी सांगितलं की पुढे घेणार नसाल तर फायनलला आम्ही कोर्टवर येत नाही. तिकिटं विका आणि पब्लिकला रिकामी रिंग दाखवा. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. फायनल एक दिवस पुढे गेली. आता क्लबच्या टीमला दोन दिवस आराम मिळणार होता, माझ्या भांडणाचा फायदाही त्यांनाच जास्त. पण आम्हाला एक तरी मिळाला! कुहीवाल्याला सांगितलं तर तो नुसता हसत राहिला. म्हणाला, "तू भांडाले एक नंबर आहेस गा."

सेमीफायनल आम्ही जिंकली. त्यानं एकट्यानं खेचली म्हटलं तरी चालेल. मॅच संपल्यावर गुडघा असा सुजला होता की पट्टी सोडवताना कातडीवर तिचे वळ दिसत होते. मी म्हणालो, काही हरकत नाही. उद्या दिवसभर माझ्या खोलीवर पडून राहायचं. मी शेक देतो, माझी आई डबा पाठवते, तू खाटेवरून खाली उतरायचं नाही. तो म्हणाला, हो.

तेवढ्यात साहेब आले. चेहरा आनंदानं फुललेला. सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी लवकर तयार राहा. रामटेकला जायचं आहे."

आम्हाला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. त्यांनी नवस बोलला होता, टीम फायनलला पोचली की सगळ्या टीमला घेऊन गडावर रामाच्या दर्शनाला येईन, अनवाणी, आणि पायथ्यापासून देवळापर्यंत मधे कुठंही न टेकता. दुसऱ्या दिवशी नेमकी त्रिपुरी पौर्णिमा होती, रामटेकची जत्रा. "मी विचारच करत होतो कसं जमायचं," साहेब म्हणाले. "बघा, देवानंच मधे एक दिवस काढून दिला."

देवानं नाही. मी काढून दिला होता. इतवारीत तोंड वाजवून.

साहेब तसे वाईट माणूस नव्हते, हेच तर अवघड आहे. कोणाची बदली वाकडी केली नाही, कोणाच्या घरी अडचण असली की स्वतः जायचे. देवावर खरोखर श्रद्धा होती. त्यांना मनापासून वाटत होतं की ते आमचं भलंच करून राहिले आहेत. वाईट माणसाशी भांडता येतं हो. असल्या माणसाशी काय भांडणार?

तरी मी बोललो. "साहेब, याचा गुडघा सुजला आहे. याला राहू द्या."

"अरे, देवाच्या कामात कुठला गुडघा? वर गेला की सूज उतरेल."

"डॉक्टर म्हणाले..."

कुहीवाल्यानं माझा हात मागून ओढला. कानाशी पुटपुटला, "चूप राय ना गा. मह्या नोकरीचं आहे." आणि साहेबांना म्हणाला, "येतो जी."

सकाळी साहेब आणि त्यांच्या घरची मंडळी खात्याच्या जीपमधे, आणि आम्ही एसटीत. जत्रेची गर्दी अशी की नागपूरपासून उभ्यानं गेलो. त्याला बसायला जागा मिळावी म्हणून मी कंडक्टरशीही भांडलो, पण त्या उंचीच्या धडधाकट दिसणाऱ्या माणसाला कोण उठून जागा देणार? उलट एका बाईनं आपलं पोर त्याच्याच कडेवर दिलं. आणि तो येडा हसत उभा.

पायथ्याशी पोचलो तर साहेबांची आई जीपमधून उतरली. म्हातारी बारीक, पण पाय पार गेलेले. डोली ठरवायची म्हटलं तर ती तयार होईना. डोलीत झोके बसतात, तिला चक्कर येते. साहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि त्यांची नजर बरोबर तिथंच गेली जिथं जाणार हे मला आधीच कळलं होतं.

"आपला भीम आहे ना," साहेब म्हणाले.

कुहीवाल्यानं चपला काढल्या, खाली वाकला आणि म्हातारीला पाठीवर घेतलं. मी पुन्हा पुढे झालो. म्हणालो, मी नेतो. साहेब म्हणाले, "तुझ्यानं नाही झेपायचं, मधेच पडलास तर?" टीममधले बाकीचे खाली बघून आपापल्या चपला काढत राहिले. सगळ्यांची पोटं त्याच सहीवर होती, मी त्यांना दोष देत नाही. पण राग यायचा तो आलाच.

रामटेकच्या पायऱ्या ज्यानं चढल्या आहेत त्याला सांगायला नको. आमच्या पोटऱ्या आधीच सेमीफायनलनं भरून आलेल्या, त्यात दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय. गर्दीचा रेटा मागून, वानरं दोन्ही बाजूंनी पिशव्यांवर टपलेली. कुहीवाला माझ्या पुढे होता. दर पायरीला तो डावा पाय आधी टाकायचा आणि उजवा नुसता मागून ओढून घ्यायचा. अर्ध्यावर म्हातारीच म्हणाली, "बाबू, दमला असशीन रे. ठेव मले इथं घडीभर."

तो थांबला. साहेब वरच्या पायरीवरून वळून म्हणाले, "नाही आई. मधे टेकायचं नाही. नवस आहे."

तो परत चालू लागला. अख्ख्या गडावर त्याला थांब म्हणणारी ती एकटी, आणि तीच त्याच्या पाठीवर.

वर दर्शन झालं. साहेबांनी नारळ फोडला, डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. कुहीवाल्यानंही हात जोडले. मी नाही जोडले. माझं लक्ष त्याच्या पँटच्या गुडघ्याकडे होतं, जिथं कापड ताणलं गेलं होतं. मग उतरणं. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त जोर येतो. म्हातारी उतरतानाही त्याच्याच पाठीवर होती. ती खुशीत होती. म्हणाली, "झोका म्हणून नाई लागला पोराच्या पाठीवर."

दुसऱ्या संध्याकाळी फायनल. समोरची टीम दोन दिवस अंथरुणात लोळून, तेल चोळून घेऊन आलेली. नुसतं अंग गरम करायला पळत होती तरी सिमेंटवर त्यांच्या बुटांचा करकर आवाज येत होता. आमची पोरं वाकून पोटऱ्या दाबत होती. एकाच्या तळव्याला फोड आलेले. कुहीवाल्यानं गुडघ्यावर पट्टीवर पट्टी गुंडाळली होती, वरून सॉक्स ओढलेला, साहेबांना दिसू नये म्हणून.

पहिल्या हाफमधे आम्ही पुढे होतो. हो, पुढे होतो! काय खेळला तो. डाव्या पायावर उड्या मारून रिबाउंड काढले. पब्लिक सगळं त्या क्लबचं, पण तेही त्याच्यासाठी शिट्ट्या मारू लागलं. हाफटाइमला मी त्याला विचारलं, "दुखून राहिला का?" म्हणाला, "आता नाही सांगत. जिंकलो की सांगतो."

दुसऱ्या हाफमधे आमचे पाय संपले. त्याचे एकट्याचे नाही, सगळ्यांचे. समोरचे पळत होते आणि आम्ही त्यांच्या मागून चालत होतो. शेवटची काही मिनिटं राहिली असताना तो चेंडूसाठी वर गेला, चेंडू त्याच्या हातात आला आणि तो उजव्या पायावर खाली आला. आवाज मला ऐकू आला. पब्लिकच्या गोंगाटातही आला. तो पडला, पण चेंडू त्यानं छातीशी घट्ट धरून ठेवला होता. रेफरीला तो त्याच्या हातांतून सोडवून घ्यावा लागला.

आम्ही हरलो.

त्याला बाजूला बाकावर झोपवलं होतं. साहेब तिथं आले. मला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. ते खिन्नपणे त्याच्याकडे बघत म्हणाले, "काल गड चढताना तुझं तोंड मी बघत होतो. तोंड वाकडं करून चढत होतास. मनात भाव नसला की देव पावत नाही बाबा."

कुहीवाला म्हणाला, "हो जी."

मी काय बोललो ते सांगतो. म्हणालो, "साहेब, त्याला भाव नाही, आराम पाहिजे होता. तो मी मिळवून आणला होता, तुम्ही देवाला वाहून टाकला." साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी परक्या भाषेत बोललो. माझी नोकरी पक्की होती, मला काही झालं नाही. दोन वर्षं बढती नाही मिळाली, तेवढंच. त्याची मुदत मात्र त्या वेळी पुढे सरकली नाही. खात्याला सेंटर हवा होता, आणि एका पायावरचा सेंटर कोणाला हवा असतो? मुलीकडच्यांनी दुसरीकडे जमवलं. तो कुहीला निघून गेला. एसटी स्टँडवर मी त्याला बसवायला गेलो तर मलाच समजावत होता, "शेती आहे ना गा घरची. मराले थोडी चाललो."

वर्ष गेलं. कार्तिक आला. एक दिवस माझ्या खोलीचं दार वाजलं आणि बघतो तर हा दारात, चौकटीखाली मान वाकवून. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. एका हातात नव्या तांदळाचं गाठोडं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पाय ओढत आत आला. म्हणाला, "साहेबाचा निरोप आला. तिकडच्या एका शिपायाजवळ. म्हने पोर्णिमेच्या आदल्या दिवशी ये. मी मनलं, आली वाट्टे त्याइले आपली आठवण."

पिशवीत त्याचे कॅनव्हासचे बूट होते. धुऊन, खडू लावून पांढरेशुभ्र केलेले. "चालता येते आता मले बऱ्यापैकी," तो सांगत होता. "पयलेसारखं पळनं नाही होनार, पन पोराइले शिकवाले ठेवतीन. नाहीतर शिपाई. शिपायाले कुठं पळा लागते?"

मला आठवलं, त्याच आठवड्यात साहेब कोणाला तरी म्हणत होते, "आई ह्या वर्षीही रामटेकला जाईन म्हणते. पण डोली नको, तोच उंच पोरगा पाहिजे म्हणते." तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. आता त्याला सांगितलं. स्पष्ट सांगितलं की तुला कशासाठी बोलावलं आहे. त्यानं बूट परत पिशवीत ठेवले. मग म्हणाला, "नाही नाही. तेवढ्यासाठी कोनी निरोप धाडते का? आनि असलं तरी, जाऊन पायतो ना. समोर दिसलो तं काही तरी करतीन."

मी त्याला एकट्याला जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर रामटेकला गेलो. पायथ्याशी जीप उभी होती. साहेबांनी त्याला लांबून ओळखलं, हात केला. तो भराभर चालायला लागला, म्हणजे त्याला जमेल तितका भराभर. साहेबांचा वर गेलेला हात हळूहळू खाली आला.

"अरे, तू अजून लंगडतोसच?"

"बरा आहे जी आता."

"कसला बरा? आईला घेऊन पडशील." त्यांच्या आवाजात रागही नव्हता, नुसती गैरसोय होती. आईकडे वळून म्हणाले, "आई, डोलीच करावी लागेल." म्हातारी कुरकुरली. मग तिनं त्याच्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "काय झालं बाबू पायाले?"

तो म्हणाला, "खेळताना लागलं जी, माय."

त्यानं तांदळाचं गाठोडं पुढे केलं. साहेबांनी वास घेतला, "अरे वा, कुहीचा तांदूळ," म्हणून ड्रायव्हरकडे दिलं. मग निघता निघता आठवल्यासारखं मागे वळले. "आता आलाच आहेस तर आमच्या चपला सांभाळ. जत्रेत चोऱ्या होतात."

मंडळी वर गेली. तो पायरीच्या कडेला बसला. उजवा पाय हातांनी उचलून लांब केला आणि साहेबांच्या, त्यांच्या बायकोच्या, मुलांच्या चपला जोडीनं लावून ठेवल्या. पांढऱ्या बुटांची पिशवी मांडीवर.

माझ्या अंगाची लाही लाही होत होती. मी ओरडलो, "ऊठ! फेक त्या चपला वानरांना आणि चल इथून. तुला काहीच वाटत नाही का बे?"

येणारेजाणारे थांबून बघू लागले. त्यानं माझा हात धरला आणि शेजारची पायरी हातानं झटकली.

"काहून चिडतं गा," तो म्हणाला. "बस. मागच्या पोर्णिमेले बसू नाही दिलं, आज देऊन राहिले."